हरणाच्या शिकारीचा सीझन आपल्याकडे काहून नाही? तुरीचं वावर मोडून टाकलं, परवान्याचं खरं काय ते सांगा

काळीमाती (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार राजेहो, थोडं लांब लिहून रायलो पण पूर्ण वाचा आन ज्याले माहिती असन त्यानं सांगा.

माझी पावणेचार एकर तूर आन अडीच एकर हरभरा हाये. टिपेश्वरच्या जंगलाच्या अंगाले वावर. सोयाबीन या वर्षी पाण्यानं गेलं म्हणून सगळी भिस्त तुरीवर होती. तूर फुलावर आली तसा रात्री रोह्याइचा (नीलगाईचा) कळप याले लागला, अकरा-बारा तरी असन, आन पहाटे चितळं. रोही खाते ते खातेच पण खाण्यापेक्षा मोडते जास्त, तासातून म्हणजे झाडाइच्या ओळीतून चालत गेलं की दोन्ही बाजूची झाडं आडवी. परवा उजाडता वावरात गेलो तं धुऱ्यापासून (बांधापासून) आत तुरीचे वीस तास आडवे झोपले होते. एक फांदी उचलून पाह्यली, मोडल्या जागी अजून ओल होती, म्हणजे घंटाभर आधीच गेले असन. मी तेव्हा माळ्यावरच होतो, डोळा लागला होता. वावराच्या कोपऱ्यात त्याइच्या लेंड्यांचा एक ढीग हाये, रोही रोज एकाच जाग्यावर टाकते, तो ढीग रोज वाढून रायला. मले तो ढीग पाहूनच कसंतरी होते, त्याइनं वावर आपलं धरून टाकलं असं वाटते.

हरभऱ्याचं तं बोलूच नका. चितळं असे शेंडे खुडते की कात्रीनं कापल्यावानी दिसते.

साड्या बांधल्या, सुतळी बॉम्ब फोडले, झटका मशीन लावली. झटक्यानं डुकरं थोडे कमी झाले पण रोही तार वलांडून जाते. मी आन मोठा भाऊ पाळीपाळीनं जागल करतो. दिवसा फवारणी आन रात्री जागल, माणूस किती दिवस करन? 2018 ले माणसं मारणाऱ्या त्या टी-1 वाघिणीच्या टायमाले तं आमच्या भागात रात्री वावरात जाच बंद झालं होतं, आता परत गेले लोकं वावरात पण बायकोच्या जिवाले घोर रायते.

आता मुद्दा. गावातल्या पोट्ट्याइनं मले मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, अमेरिकेत लोकं नारंगी जाकिटं घालून जंगलात जाते, हरीण मारते, गाडीवर टाकून घरी आणते आन सरकार त्याले लायसन देते. पोट्टे म्हणते काका आपल्याकडे पण वर्षातून आठ दिवस सीझन ठेवला तं हा तरास मिटन का नाही. मले उत्तर देता आलं नाही. मनाले पटते पण अर्धंच पटते. म्हणून विचारतो, आपल्याकडे कायद्यानं खरंच काही मारता येते का, कोणतं जनावर, परवाना कोण देते, आन तिकडे अमेरिकेत जो साधा शिकारी हाये, आपल्यासारखा काम करणारा माणूस, त्याले ते नियम कसे जाते, हे कोणाले माहीत असन तर सांगा. अन नुकसानभरपाई कशी मागाची ते पण.

जुनाबीट (निवृत्त वनरक्षक)

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी 31 वर्षं वनखात्यात काढली, त्यातली बरीच वर्षं तुमच्यासारख्याच गावांत, त्यामुळे तुमच्या वीस तासांचं काय दुखतं ते मला कळतं. आता सरळ सांगतो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. कलम 9 म्हणजे शिकारबंदी, आणि ती बारा महिने आहे, सीझन वगैरे काही नाही. चितळ मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, तिथं कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात, दंड पंचवीस हजाराच्या खाली नाही. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून लागू, दंडाचे हे आकडे तेव्हापासूनचे. फास लावला, जाळं टाकलं, नुसता पाठलाग केला तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच. आमच्या काळात पोरं म्हणायची आम्ही मारलंच नाही फक्त हाकललं, पण हातात फास सापडला की संपलं.

पण दार पूर्ण बंद नाही हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याच कायद्याचं कलम 11 आहे. जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं तर परवानगी देता येते, आणि मालमत्तेत उभं पीक स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या आधारावर आपल्या राज्यानं 2015 साली रोही आणि रानडुक्कर या दोघांसाठी निर्णय काढला, अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे म्हणजे आपल्या आरएफओकडे करायचा. चितळ त्यात नाही. तुमच्या हरभऱ्याच्या शेंड्यांसाठी बंदुकीचा परवाना मिळणार नाही, तिथं नुकसानभरपाई हाच मार्ग.

आता खरी अडचण. परवाना मिळाला समजा, मारणार कोण आणि कशानं? बंदुकीचं लायसन कलेक्टर ऑफिसातून येतं. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी भरमार (नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या) बंदुकीची वेगळी तरतूद आहे, पण आज गावात लायसनवाली भरमार किती जणांकडे उरली आहे? जुनी माणसं गेली, वारसांनी लायसन पुढे चालवलं नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागते. त्यात रोही रात्री येतं, कळपात असतं, पलीकडच्या वावरात दुसरा शेतकरी जागलीवर बसलेला असतो. मी स्वतः अशा परवान्याच्या वेळी हजर होतो, दोन रात्री बसलो, एकदाही धड नेम धरता आला नाही. आणि मारलेलं जनावर तुमचं नसतं, कलम 39 प्रमाणे ते शासनाचं. मटण खायचं नाही, घरी न्यायचं नाही, विल्हेवाट वनखात्यासमोर. गावकऱ्यांना हे सांगितलं की निम्म्या लोकांचा उत्साह तिथंच संपायचा, खोटं कशाला बोलू.

पोट्टे म्हणतात त्या सीझनबद्दल एक सांगतो. आपल्याकडे तोही होता. 1912 च्या इंग्रजांच्या कायद्यात ठरावीक काळ शिकार बंद ठेवायचा अधिकार प्रांताच्या सरकारला होता, बाकीच्या दिवसांत परवाना काढून शिकार. जंगलाचे ब्लॉक पाडून साहेब लोकांना परवाने मिळायचे. माझे वडीलही वनखात्यात होते, ते सांगायचे परवान्यावर किती जनावरं ते लिहिलेलं असायचं पण मोजायला जंगलात कोण उभं असायचं? सगळं कागदावर. 1972 येईपर्यंत जंगलं रिकामी व्हायला आली होती म्हणून सगळंच बंद करावं लागलं.

भरपाईचं वेगळं लिहितो, जेवून येतो.

रानवाट

एवढे कागद करेपर्यंत तूर संपते साहेब. आमच्याइकडे ज्याले वाचवाचं हाये तो रात्री तार टाकते आन पहाटे काढून घेते. कोणी बोलत नाही. शेतकऱ्यानं दुसरं काय कराव सांगा ना.

धानपट्टा (ब्रह्मपुरीकडचा)

रानवाट भाऊ, तुमचा राग समजतो पन हे लिहू नका, कोनी वाचून करेल. का सांगू जी, आमच्या गावची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे धान. धानाला रात्री पानी लावावं लागते कारन लाईन रात्रीच येते. शेजारच्या घरचा पोरगा, एकोनीस वर्षांचा, बारावी झालेला, बापाला बरं नव्हतं म्हनून तो पानी फिरवायला गेला. दुसऱ्या एकानं डुकरासाठी मेन लाईनवर आकडा टाकून तार पसरवली होती, गुडघ्याइतकी उंच, खुट्यावर बांधलेली. त्यानं पोराला सांगितलं नव्हतं, कारन त्याला वाटलं आज या बांधीत कोनी येनार नाही. आम्ही सकाळी गेलो तवा हातातलं फावडं तसंच होतं. टॉर्च चालूच होता, पान्यात पडून उजेड येत होता. मी तो टॉर्च बंद केला. त्यापुढचं मला लिहवत नाही.

तार लावनारा मानूस वाईट नव्हता. त्याचं पन धान डुकरांनी दोन वर्षं लागोपाठ खाल्लं होतं, कर्ज होतं. आता तो सदोष मनुष्यवधाच्या केसमधे, वरून वीजचोरी. दोन घरं बसली जी, एका तारेनं. बोलचाल बंद आहे दोन्ही घरांची, एकाच बोडीचं (लहान तळ्याचं) पानी घेतात पन मान वर करून पाहत नाहीत.

आन जनावराचं पन सांगतो. 2017 ला आमच्या बाजूला नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ, तो जय वाघाचा पोरगा, असाच तारेला लागून मेला, पुरलेला सापडला. तार काही विचारत नाही डुक्कर आहे का वाघ आहे का मानूस आहे. झटका मशीन वेगळी, ती बॅटरीची, ठोका देते आन सोडते. मेन लाईनची तार पकडून ठेवते. हा फरक गावागावात सांगाले पाहिजे, कारन लोकं दोन्हीला करंटच म्हनतात.

परतवाडा ते मॅडिसन

मी मूळचा परतवाड्याचा, सहा वर्षांपासून अमेरिकेत विस्कॉन्सिनला आहे. काळीमाती दादा, तुमचा तो व्हिडिओ बहुतेक इकडचाच असेल, नारंगी जाकिटं म्हणजे इकडची नऊ दिवसांची बंदुकीची सीझन. मी स्वतः शिकारी नाही पण माझ्यासोबत काम करणारा एकजण आहे, वेल्डर, त्याच्यासोबत मागच्या वर्षी दोन दिवस गेलो होतो नुसता बघायला, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

सीझन नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग या इकडच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होते आणि नऊ दिवसांत संपते. (धनुष्यबाणाची वेगळी, ती सप्टेंबरपासून.) इथल्या रहिवाशाला बंदुकीचा परवाना 24 डॉलरला. पाच लाखांच्या वर लोक घेतात, एकट्या या राज्यात. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर आधी शिकारीचा कोर्स करून सर्टिफिकेट, नाहीतर परवाना नाही. कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी भडक नारंगी पाहिजेत, 2016 पासून भडक गुलाबीही चालतो, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही दिसाल. एका परवान्यावर एक नर. मादी मारायची तर वेगळा परवाना, आणि तो जिल्ह्या-जिल्ह्यावर, म्हणजे त्यांच्या काउंटीवर अवलंबून. थंडीनं हरणं कमी झाली असतील त्या वर्षी उत्तरेकडच्या काही काउंट्यांत मादीचा एकही परवाना निघत नाही. मारल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाईन नोंद करायची, आधी पेट्रोल पंपावर नाहीतर दुकानात हरीण घेऊन जावं लागायचं. मटण खाता येतं पण विकता येत नाही, एक किलोही नाही.

आता साध्या शिकाऱ्याला हे कसं जातं ते तुम्ही विचारलं. माझ्या त्या मित्राची तक्रार ऐकली तर तुम्हाला ओळखीची वाटेल. त्याला कारखान्यातून वर्षात मोजक्या सुट्ट्या, नऊ दिवसांतले त्याच्या वाट्याला येतात चार. त्यात पाऊस आला की गेले. ज्याची स्वतःची जमीन आहे तो आपल्या झाडावर मचाण बांधून निवांत बसतो, याच्याकडे जमीन नाही, हा सरकारी जंगलात जातो आणि तिथं पहिल्या दिवशी गाड्यांची रांग. नियम दरवर्षी थोडे बदलतात, या काउंटीत दाणा टाकलेला चालतो त्या काउंटीत नाही. कारण इकडे 2002 पासून हरणांत मेंदूचा एक रोग सापडला आहे, सीडब्ल्यूडी म्हणतात, एका जागी दाणा टाकला की हरणं तोंडाला तोंड लावून खातात आणि पसरतो, म्हणून बंदी. त्याचा बाप सत्तर वर्षांचा, मक्याचे दाणे टाकून त्याच झुडपाशी बसायचा, त्याला हे कागद वाचून कंटाळा आला आणि त्यानं परवाना घेणंच सोडलं. मारलेल्या हरणाचं डोकं तपासणीला द्यायचं, निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये, रोग निघाला तर खाऊ नका म्हणतात, म्हणजे सगळी मेहनत फेकून द्यायची. मित्राचं घर त्या मटणावर हिवाळाभर चालतं, त्याला ते मनाला लागतं.

पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली ती सांगतो. संध्याकाळी आम्ही झाडावर बसलो होतो, पायाची बोटं बधिर झालेली, दिवसभर काहीच आलं नव्हतं. सूर्य बुडाला. इकडे बुडाल्यावर 20 मिनिटांपर्यंतच गोळी चालवता येते. तो घड्याळ बघत होता. आणि एक मोठा नर आला, चांगली शिंगं, चाळीस पावलांवर उभा राहिला, मला स्पष्ट दिसत होता, नाकातून वाफ निघत होती. मित्रानं बंदूक उचलली, घड्याळ पाहिलं, आणि खाली ठेवली. दोन मिनिटं होऊन गेली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं, कोणाला कळलं नसतं. मी विचारलं का नाही मारलं तर म्हणाला टाइम संपला. एवढंच. खाली उतरून गाडीपर्यंत गेलो तोवर तो बोलला नाही, त्याची ती शेवटची सुट्टी होती.

दादा, गावातल्या पोरांना तुम्ही एवढं मात्र सांगा की व्हिडिओत नुसता मारण्याचा भाग दिसतो. इथं हरणं किती याचा दरवर्षी अंदाज काढतात आणि त्यावर परवाने ठरतात. पैसा कुठून येतो तर 1937 च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवर कर आहे, लांब बंदुकीवर 11 टक्के, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. आणि शेतकऱ्यासाठी महत्त्वाचं, हरणांनी पीक खाल्लं तर विस्कॉन्सिनमध्ये भरपाईची योजना आहे, तिचा पैसा शिकारीच्या परवान्यांतूनच येतो, पण भरपाई हवी असेल तर शेतकऱ्यानं आपल्या जमिनीवर लोकांना शिकारीला येऊ द्यावं लागतं. इथले शेतकरी त्यावर कुरकुर करतात, अनोळखी माणूस बंदूक घेऊन वावरात कोणाला आवडेल? बरं ही सगळी व्यवस्था कशासाठी तर दहा लाखांच्या वर हरणं आहेत आणि लांडगे मोजके. आपल्या टिपेश्वरला चितळ खायला वाघ आहे. तिथलं उचलून इथं ठेवता येईल असं मला वाटत नाही.

फासा (वाशीम जिल्हा)

साधा शिकारी म्हणून इथं अमेरिकेच्या वेल्डरचं सगळ्यांनी वाचलं, छान वाटलं, पण आपल्या विदर्भातला साधा शिकारी कोण होता ते कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. आम्ही फासेपारधी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो.

माझा आजा हरणाची शिकार करायचा. बंदूक कधी हातात धरली नाही. शिकवलेली गाय असायची, तिच्या आडोशानं चरत चरत कळपाच्या जवळ जायचं, हरणाला वाटतं गुरं आहे. वाटेवर फासे मांडलेले, ओळीनं, खुंट्या जमिनीत ठोकून, मग दुसऱ्या बाजूनं हाकायचं. ते फासे मी पाहिले आहेत, आजीनं मरेपर्यंत घराच्या आढ्याला टांगून ठेवले होते, हाताला खरखरीत लागायचे, वास यायचा. आणि आमच्यात नियम होता, सरकारनं केलेला नव्हे तर जातपंचायतीचा, गाभण मादी आणि पाडस फाशात आलं तर सोडून द्यायचं. हे आजा सांगायचा, आणि पुढे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी आमच्या समाजावर अभ्यास केला त्यातही हे नोंदवलेलं आहे. म्हणजे सीझन आणि बॅग लिमिट (काय आणि किती मारायचं याची मर्यादा) ज्याला म्हणता ते आमच्याकडे होतं.

इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत आमचं नाव घातलं, 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यानं गेला. मग वीस वर्षांनी 1972 चा कायदा आला आणि धंदाच गुन्हा झाला. मी त्या कायद्याच्या विरोधात नाही हे स्पष्ट लिहितो. काळवीट उरलं पाहिजे, आमच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात मी शाळेची पोरं घेऊन जातो आणि त्यांना काळवीट दाखवताना मला छाती भरून येते. पण बंदी आली तेव्हा आजाला कोणी जमीन दिली नाही, दुसरं काम दिलं नाही. तो तितर धरून विकायचा, तेही बंद झालं. साहेबांची शिकार बंद झाली तर साहेब क्लबात गेला, आमची बंद झाली तर चूल बंद झाली. आजही कुठं रोही मेलं की पोलीस पहिल्यांदा आमच्या बेड्यावर (वस्तीवर) येतात. मागच्या वर्षी माझ्या चुलतभावाला दोन दिवस बसवून ठेवलं होतं, नंतर कळलं की तार दुसऱ्याच गावच्या मोठ्या शेतकऱ्याची.

काळीमाती भाऊ, तुमच्या वावराचं नुकसान खरं आहे आणि मला त्याचं दुःख आहे. फक्त कधी परवाने खुले करायची चर्चा झालीच तर हैदराबादहून बंदूकवाले बोलवण्याआधी (2016 ला बिहारात मोकाम्याला तसंच केलं, दोनशेच्या वर रोही मारली) इथल्या ज्या माणसाला जनावराची वाट आणि वेळ कळते त्याला विचारा. मारायलाच असं नाही, हाकायला, कळप कुठून येतो ते सांगायला. आमची म्हातारी माणसं पाऊल पाहून सांगतात किती, केव्हा, कुठं.

आर्वीची ताई

फासा दादा तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

मी वर्धा जिल्ह्यातली. मले एकच सांगाचं हाये, जागलीचं कोणी धरतच नाही हिशोबात. माझे मालक चार महिने रात्री घरी नसते. पंचनामा होते तो झाडाचा होते, झोपीचा कोण करन? पोरगी विचारते बाबा रात्री काहून नसते. ज्वारी आम्ही सोडून दिली, आधी पाखरं आन मंग डुकरं, ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून बैलं विकले. हे सगळं त्या डुकराच्याच नावावर टाका.

आमच्या गावानं एक केलं, सोळा जणांनी मिळून सलग झटका कुंपण घेतलं, एकेकट्यानं नाही. एकट्यानं केलं की जनावर बाजूच्याच्या वावरात जाते आन भांडणं होते. सोळा वावरं एकत्र घेतल्यावर दोन वर्षं झाले, डुकराचा तरास निम्म्यावर आला. रोही अजून येते पण वरची तार पाच फुटावर नेल्यापासून कमी.

जुनाबीट (निवृत्त वनरक्षक)

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. सामूहिक कुंपणच टिकतं. वाघाच्या जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान आहे, तुमचं गाव त्यात बसतं का ते रेंज ऑफिसात विचारा. टिपेश्वरच्या लगत असाल तर नक्की विचारा.

भरपाईचं. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे, इथंच बहुतेक शेतकरी मार खातात, आठ दिवसांनी येतात आणि मग आम्ही, म्हणजे खातं, कागदावर बोट ठेवतो. अर्ज केल्याची पोच घ्या, नुसतं तोंडी सांगून येऊ नका. पंचनाम्याला वनखात्याचा, कृषीचा आणि महसुलाचा माणूस असतो, तिघांची एक तारीख जुळवण्यातच दिवस जातात, तोवर झाड सुकतं आणि कोणी म्हणतं हे रोगानं गेलं. म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. फोटोत खुराचा ठसा घ्या, बाजूला काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. तो लेंड्यांचा ढीग तुम्हाला पाहून कसंतरी होतं म्हणालात ना, त्याचा फोटो सगळ्यात आधी काढा, रोह्याचा त्याच्याइतका चांगला पुरावा नाही. मोडलेली झाडं पंचनामा होईपर्यंत उपटू नका.

रकमेबद्दल आशा जास्त ठेवू नका. नुकसान पूर्ण भरून निघत नाही, हे मी नोकरीत असतानाही सांगायचो आणि साहेब रागवायचे. पण अर्ज झाला नाही तर वरती नोंदच जात नाही, आणि नोंद नाही तर तुमच्या गावात रोही नाहीच असं कागद म्हणतो. परतवाड्याच्या या मुलानं लिहिलं ना, अमेरिकेत आधी मोजतात मग ठरवतात. आपल्याकडचं मोजमाप म्हणजे तुमचा हा अर्जच आहे भाऊ.

फासा गुरुजी, तुमच्या भावाला बसवून ठेवलं त्याबद्दल वाईट वाटलं. मीही अशा वेळी बेड्यावर गेलेलो आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षांत. तेव्हा मला ते बरोबर वाटायचं.

रानवाट

धानपट्टा भाऊ, वाचलं. मी माझी पोस्ट काढत नाही, तुमचं उत्तर त्याच्या खाली रायलं पाहिजे. पण आमच्या वावरातली तार मी काल गुंडाळून ठेवली. घरी म्हाताऱ्यासोबत भांडण झालं त्याच्यावरून. झटका मशीन कोणत्या कंपनीची घेतली ताई, आन सोळा जणात खर्च कसा वाटला, एकरावर का धुऱ्याच्या लांबीवर?

आर्वीची ताई

धुऱ्याच्या लांबीवर. एकरावर वाटला असता तं ज्याचं वावर मधात हाये त्यानं पैसे दिलेच नसते. मशीन दोन, एक बंद पडली की दुसरी. पाळीनं एक जण रोज सांजेले तारेखालचं गवत पाहते, गवत लागलं की झटका उतरते.

काळीमाती (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सगळ्याइचे आभार. आज सकाळी फोटो काढले, ढिगाचा पण, काडेपेटी ठेवून. खुराचे आठ फोटो आले चांगले. गावातल्या पोट्ट्याइले बसवून परतवाड्याच्या भावाची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली, तो घड्याळ पाहून बंदूक खाली ठेवते तिथं सगळे चूप झाले. एक जण म्हणे काका आपल्याकडे कोणी ठेवली असती का. मी म्हटलं माहीत नाही.

उद्या रेंज ऑफिसात जातो. रोह्यासाठी परवान्याचा अर्ज आन भरपाईचा अर्ज, दोन्ही. कुंपणाचं अकरा जणांनी होकार देला, दोघं अडून हाये, त्याइचं वावर रस्त्याच्या अंगाले हाये त्याइले तरास कमी. फासा गुरुजी, तुमच्याइकडचं कोणी जाणतं माणूस एक-दोन दिवस आमच्याइकडे येऊन कळपाची वाट पाहून देईन का? जाण्यायेण्याचं आन राह्याचं मी पाहीन, रोजी पण देईन, पाहुणा म्हणून येऊ द्या.

जुनाबीट काका, एक अडचण हाये. सातबारा अजून बाबाच्या नावावर हाये आन बाबाले आता चालता येत नाही. अर्ज माझ्या नावानं चालन का?

जुनाबीट (निवृत्त वनरक्षक)

सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याच सहीनं अर्ज करा, बँक पासबुकही त्यांचंच जोडा. तुमच्या नावानं केला तर तिथं अडकतो. सही घरी घ्या, त्यांना ऑफिसात न्यायची गरज नाही. आणि उद्या सकाळी लवकर जा, दुपारी साहेब फिरतीवर असतात.

फासा (वाशीम जिल्हा)

माझा मोठा काका येईल. शनिवारी शाळा सुटल्यावर मीच घेऊन येतो. तोवर वावराच्या त्या कोपऱ्यात कोणाला चालू देऊ नका, पावलं पुसली जातील.